हलाल आंबावडी

डेव्हन ॲव्हेन्यू, शिकागो
३ मार्च

चि. रुचास, उल्हासकाकाचे अ. उ. आशीर्वाद.

फोन केला की तू मीटिंगमध्ये असतेस. पत्राला तसं सांगता येत नाही, म्हणून लिहितो.

आपल्या आंबावडीला हलालचा शिक्का मिळाला. तपासनीस आले तेव्हा मी ऐटीत सांगितलं, इथे अंडंसुद्धा शिरत नाही. त्यांनी शांतपणे इसेन्सची बाटली फिरवून दाखवली. त्यात अल्कोहोल. आयुष्यात थेंब न घेतलेला मी, इतकी वर्षं गिऱ्हाइकांना पाजत होतो. तुझी शोभनाकाकू अजून हसते आहे.

इसेन्स बदलला. एका मुस्लिम देशातून मोठी ऑर्डर आली आहे, सोबतच्या कागदावर सगळं आहे. ती टिकली तरच कारखाना चालेल.

माया आहेच, ती वाढू दे.
उल्हासकाका

बेलव्ह्यू
११ मार्च

ती. काकांस, रुचाचा सा. न.

इसेन्सचं वाचून ऑफिसात एकटीच हसले. मग देशाचं नाव पाहिलं आणि हसू गेलं. आमची कंपनी त्याच सरकारची सल्लागार आहे आणि रिपोर्ट मी लिहिते आहे. तिथे बहुतेक सगळे हलाल खातात, पण शिक्क्याचा माल परदेशातून येतो. बाहेर विकतात कमी, बाहेरून आणतात जास्त, तूट वाढत जाते. मी सुचवलंय की सोप्या वस्तू देशातच करा आणि आयातीवर कर लावा. त्यात पहिली मिठाई.

सल्ला बरोबर आहे, म्हणून जास्त त्रास होतो. मिठाई वगळू का? कोणाला कळणारही नाही.

काकूंना नमस्कार. माझ्यावर रागावू नका.
रुचा

शिकागो
१९ मार्च

चि. रुचास, आशीर्वाद.

वगळू नकोस. मी इथे आलो तेव्हा डेव्हनच्या दुकानांत आंबावडी रत्नागिरीहून, तुझ्या बाबांच्या कारखान्यातून यायची. मी ती इथेच करू म्हटलं. त्याने आपली इकडची विक्री थांबणार हे दादाला, म्हणजे तुझ्या बाबांना, ठाऊक होतं. तरी रस आटवायची कढई त्यानेच पाठवली, आईच्या कृतीसकट. आता तो नाही, आणि असताना हे तुला कधी बोलला नसेल.

वाईट वाटतं, खोटं कशाला लिहू. कारखाना उन्हाळ्यात बंद करीन. ऑर्डर देणाऱ्या व्यापाऱ्याला कळवलंय, आता तुम्हीच करा, कढई पाठवतो. कोणता इसेन्स घ्यायचा तेही लिहिलंय.

कढई जाण्याआधी शोभना तुझ्यासाठी एक घाणा करणार आहे. खायला ये. त्यावर कर नाही.

तुझाच,
उल्हासकाका