नेढ्यामागची जागा

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली तरी वाद घालायची हुक्की आली की मला अजून तुम्हीच आठवता. आज मात्र वाद घालायचा नाहीये. संपानंतर तुमची गिरणी बंद पडली ती पडलीच, आणि मी मरोळच्या एका गाळ्यात माश्या बांधायला जाऊ लागले, त्या दिवसांबद्दल बोलायचंय. परदेशातले हौशी लोक नदीत गळ टाकतात, त्यावर पिसांची नि लोकरीची खोटी माशी लागते. ती आम्ही बायका बांधायचो. पहिली माशी तुम्ही चिमटीत धरून उजेडात फिरवलीत आणि ठसका लागेपर्यंत हसलात. "येवढो खटाटोप माशाक फसवूक? सुंगट लाव म्हणावं, मासो आपणहून येतलो." लहानपणी मालवणच्या खडकांवर गळाला कोळंबी लावून बसलेले तुम्ही, तुम्हाला कोण शिकवणार?

पुढे मी काम घरी आणू लागले. पाण्याखाली बुडणाऱ्या माशीला वजन हवं, म्हणून आधी गळाच्या दांडीवर शिशाची मऊ तार गुंडाळायची, वेढ्याला वेढा लावून, आणि वरून दोरा फिरवून ती घट्ट करायची. फक्त दोरी ओवायच्या नेढ्यामागे थोडी जागा मोकळी सोडायची, कारण शेवटची गाठ तिथे बसते. एका दुपारी "हाड हयसर", आण इकडे, म्हणत तुम्ही तारेचा नि गळांचा डबा ओढून घेतलात, आणि उठून दार लावलंत. आमच्या चाळीत दिवसाढवळ्या दार बंद म्हणजे घरात आजारपण तरी, नाहीतर भांडण तरी. पण जन्मभर गिरणीत साच्यावर, मागावर उभा राहिलेला माणूस पिसांत बसलाय हे कुणाला दिसायला नको होतं. मला तुमचा राग आला आणि त्याहून जास्त वाईट वाटलं. आईने पंखा वाढवला.

संध्याकाळी बघते तर प्रत्येक दांडी पार नेढ्यापर्यंत भरलेली. काम इतकं देखणं की नख शिरणार नाही.

"बाबा, जागा कुठाय?"

"जागा कित्याक? फट रवली तर माल नापास."

"अहो, हे कापड नाहीये. गाठ मारू कुठे, तुमच्या डोक्यावर?"

"आधी साबणाने हात धुवा दोघं," आई भात वाढता वाढता म्हणाली. "शिसं लागलंय. मग काय ते भांडा."

जेवण झाल्यावर तुम्ही एकेक तार सोडवायला बसता. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, ओठ मिटलेले. आयुष्यभर फट राहू नये म्हणून जपलेले ते हात फट सोडायला शिकतायत. मी समोर बसून बघतेय आणि मदत करायचा धीर होत नाहीये.

मग एक दिवस वीज गेली. आत काही दिसेना, तेव्हा तुम्ही दार सताड उघडलंत आणि पाट उंबऱ्याशी ओढलात. मी आत, दारातून येईल तेवढ्या उजेडात, पिसं निवडत होते. शेजारचे काका, तुमच्याच खात्यातले, नेमके तिथून चालले होते. "काय रे, बायलांची कामां करूक लागलंस?"

माझे हात थांबले. आता तुम्ही सगळं फेकून देणार आणि पुन्हा दार लावून घेणार, असंच मला वाटलं.

तुम्ही मानही वर केली नाहीत. "माझ्या चेडवाच्या हाताखाली शिकतंय. चुकला तर सगळा सोडूक लावता. बस, तुकाय दाखवतंय."

काका जरा घुटमळले, मग बसले. तुम्ही आत मला हाक मारलीत, "चेडवा, च्या ठेव गो दोघांक."

चहा घेऊन यायला मला बराच वेळ लागला. माझा चेहरा बघून तुम्ही विचारलंत, तर मी म्हटलं, स्टोव्हचा धूर गेला डोळ्यांत. हे पत्र कुठे पाठवायचं नाहीच, म्हणून सांगते: स्टोव्ह तोवर मी पेटवलाच नव्हता, बाबा. डोळे पुसून झाल्यावर पेटवला.