ग्लेनिस मला ‘लव्ह’ म्हणाली

३ फेब्रुवारी १९८६, बार्न्सली
बदलीचा पहिला दिवस. गाव काळपट, हवा ओली, माणसं मोठ्यानं बोलणारी. यॉर्कशरला वळण लावायला दक्षिणेतल्या सभ्य सरेचा माणूस धाडला, हेड ऑफिसचं पहिलंच शहाणपण.
दुपारी कोपऱ्यावरच्या बेकरीत पोर्क पाय घेतला, डुकराच्या मांसाचं सारण भरलेला. काउंटरवरची बाई, नाव ग्लेनिस, म्हणाली, “आणखी काय देऊ, लव्ह?”
लव्ह! पहिल्याच भेटीत! आमच्या सरेत हा शब्द पत्राच्या शेवटी येतो, नाहीतर टेनिसमध्ये. तिथं त्याचा अर्थ शून्य.

४ फेब्रुवारी
पुन्हा पोर्क पाय. पुन्हा लव्ह. निश्चय: घाई नको. बाईमाणसाच्या भावनांशी खेळू नये.

११ फेब्रुवारी
रांगेत माझ्या पुढच्या प्लंबरलाही लव्ह म्हणाली. लोकांना संशय येऊ नये म्हणून. हुशार आहे.

१९ फेब्रुवारी
घरमालकीण मिसेस बूथरॉइडना सहज विचारलं. हसत सुटल्या. “अहो मिस्टर पेटिफर, इथं बसचा कंडक्टरही लव्ह म्हणतो. तुम्हाला नाही म्हणाला?”
म्हणाला होता. पण त्याच्या आवाजात ती थरथर नव्हती. जळतात बिचाऱ्या.

२७ फेब्रुवारी
रोजच्या पोर्क पायमुळे पँट आवळते. प्रेमात त्याग आलाच.

१ मार्च
सिनेमाला विचारलं. “आय वुड लव्ह टू, पण आमच्या घरी नाही हो चालायचं.”
वाक्यात पुन्हा लव्ह! ‘पण’च्या पुढचं मनावर घेतलं नाही. वडील कडक दिसतात. म्हणजे आता थेट लग्नाचंच बोलायला हवं.

८ मार्च
नवा टाय, फुलं. दुकान गच्च. बरंच झालं, साक्षीदार हवेतच. गुडघ्यावर बसणं पँटनं नाकारलं, म्हणून उभ्यानंच विचारलं.
मागच्या भट्टीकडून कोपरापर्यंत पिठानं माखलेला एक धिप्पाड गडी बाहेर आला. ग्लेनिस त्याच्यावर खेकसली, “बघत काय उभा राहिलास, गाढवा? पाव करपतोय!” मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, “हे आमचे मिस्टर. अर्नी.”
अर्नी लाजला. गाढव म्हटल्यावर इतका सुखावलेला माणूस मी पाहिला नव्हता. फुलं त्यानंच घेतली. थँक्यूही म्हणाला.

१० मार्च
बेकरीत गेलो. निव्वळ भुकेपोटी. पोस्टमनला लव्ह. शाळकरी पोरीला लव्ह. दाराशी बांधलेल्या कुत्र्यालाही लव्ह.
माझा नंबर आला.
“काय देऊ, सर?”