वडिलांना घेऊन या

वराळे,
३ फेब्रुवारी

ती. आबांस,
मानसीचा सप्रेम जय भीम. वि. वि. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि हे काही ओरडून सांगण्यासारखं नाही, म्हणून पत्र.

कंपनीच्या लॅबमध्ये मी गाड्यांच्या सुट्या भागांचं लोखंड तपासते, ते तुम्हाला ठाऊक आहेच. आता मला लॅबची इनचार्ज करायचं चाललंय. इनचार्जला रात्रपाळी असते. त्यावर साहेब म्हणाले, मुलीची जात, आधी वडिलांना घेऊन या, त्यांच्या तोंडून होकार ऐकतो. आबा, मी एकोणतीस वर्षांची आहे हो! नुसता संताप झाला. पण मी नाही म्हटलं तर जागा लॅबमधल्या पवनला जाईल, आणि त्याला मशीन चालवायला मीच शिकवलंय. म्हणून राग गिळला. सोमवारी एकदाच या. दाढी करून या.

आईला गुडघ्याला तेल लावायला सांगा. लोभ आहेच, सध्या जरा जास्त लागेल.

तुमची,
मानसी

बेडसे,
७ फेब्रुवारी

चि. मानसीस जय भीम आनि पोटभर आशीर्वाद.

तुजं पत्र वाचलं. मी येनार न्हाई. रात्रपाळीला माजी ना न्हाई, ते तुजं तू बघ. पप्पू तुजा धाकटा भाऊ, लोनावळ्याच्या हॉटेलात रातभर कामाला ऱ्हातो. त्याच्या मालकानं मला कदी बोलावलं व्हय? तू शाळंत व्हतीस तवा मास्तरनं बोलावलं की मी यायचो. आता आलो तर उद्या नवऱ्याला बोलावतील, मग सासऱ्याला. साठीची झालीस तरी तुजी पालकसभा चालूच ऱ्हाईल! लाज कशी वाटत न्हाई त्या मानसाला? तुजी आई तर कोयता घिऊन निगाली व्हती, तिला कसंतरी बसवलंय.

रागावलीस तर रागाव, पन माया पातळ करू नको.

तुजा आबा

वराळे,
१२ फेब्रुवारी

ती. आबांस जय भीम.

तुमचं पत्र आलं तेव्हा तुमच्यावर लय चिडले. जेवण गेलं नाही.

सोमवारी एकटीच गेले. आबा येणार नाहीत म्हणून सांगितलं. साहेब हसले. म्हणाले, काळजी नको, फाइलमध्ये तुझ्या भावाचा नंबर होता, त्याच्याशी बोललोय, त्याची हरकत नाही, तेव्हा जागा तुझी. पप्पूची हरकत नाही! ज्याच्या शर्टाची बटणं अजून मी लावून देते, त्यानं मला परवानगी दिली!

साहेबांनी पेढेही मागवले होते. मी हात लावला नाही. सगळ्या लॅबसमोर म्हटलं, पप्पूला विचारून दिलेली जागा पप्पूलाच द्या. पवन खाली बघत उभा होता. जागा गेली हे मी धरूनच चालले होते.

साहेबांनी पेढ्यांचा पुडा बाजूला सरकवला. मग कसंबसं विचारलं, मॅडम, रात्रपाळी कराल का तुम्ही?

हो म्हटलं. आबा, एवढा साधा प्रश्न, तोसुद्धा भांडून विचारून घ्यावा लागला! राग अजून उतरलेला नाही, आणि मी उतरू देणार नाही.

आज रात्री कामावर जातेय. मायेत काही कमी करू नका.

तुमची,
मानसी