दीड फेऱ्याचा स्क्रू

।। श्री ।।
जानेफळ, ता. १२-१२-६३

चि. उत्तमरावास शेषरावाचे अनेक आशीर्वाद.

पहिले खुशाली सांग. तुझी कंबर कशी आहे? गॅरेजातल्या थंड्या फरशीवर पाठ टेकू नको, असं तुझ्या बहिणीनं, रुखमाबाईनं, बजावलं आहे. सौ. शालूबाईचा खोकला गेला काय? आईंचे गुडघे? इकडे ती ठीक. सुलतानपूरची आमची लेक विमल अन् तिचं लेकरू खुशाल. मी तर ठणठणीत. डोळ्यांपुढं जरा धुकं येते, पण थंडीचे दिवसच आहेत.

आता काळजीचं. मिलिटरीची जुनी जीप तूच जुळवून दिली, ती रुसून बसली. ॲक्सिलरेटरवर पाय आहे तोवर चालते, पाय उचलला की खोकलून मरते. कार्बोरेटरातून पेट्रोल झिरपते ते वेगळंच. मले ड्रायव्हर कचरूचा संशय आहे. महिन्याखाली त्याच्याकडून किल्ली घेतली. खळ्यात गोल गोल फिरवून मी स्वतःच शिकलो, मंग ड्रायव्हर कायले? तेव्हापासून तो देवळातल्या नंदीसारखा बसते अन् जीपकडे पाहत राहते. पेट्रोलात घासलेट तर नाही ओतत?

संक्रांतीले विमलले अन् लेकराले मी स्वतः जीपमधून आणणार आहे. बोरन्हाण इथंच करू असा शब्द देऊन बसलो. उपाय लिही.

तुझा, शेषराव


जळगाव जामोद, ता. १८-१२-६३

ती. भाऊजींच्या चरणी उत्तमचा नमस्कार.

आई, शालू आणि माझी कंबर, तिघीही बऱ्या आहेत. शालूचा खोकला आल्याच्या काढ्याने पळाला.

घासलेट असतं तर काळा धूर आला असता. तुम्ही पेट्रोल धोतराच्या फडक्यातून गाळता ना? त्याचेच तंतू आत जातात. कार्बोरेटरची खालची वाटी उघडून धुवा. जेट म्हणजे सुईच्या नेढ्याएवढं भोक. त्यात तार घालू नका, सायकलच्या पंपाने हवा मारा. मग बुडाशी स्प्रिंग घातलेला बारका स्क्रू लागेल. तो हलक्या हाताने पूर्ण आत घ्या आणि दीड फेरा बाहेर सोडा. दीडच. आतच राहिला तर पाय उचलताच गाडी बंद पडेल. स्प्रिंगमुळे तो आपोआप फिरत नाही.

एक विचारतो, रागावू नका. या खेपेला तुमच्या ओळी एकीवर एक चढल्या आहेत. डोळे दाखवून घ्या. तोवर गाडी कचरूकडे असू द्या, त्याचा हात चांगला आहे.

माया आहे तशी राहू द्यावी.

आपला, उत्तम


जानेफळ, ता. २७-१२-६३

चि. उत्तमरावास आशीर्वाद.

तुझं पत्र रुखमाबाईनं दोनदा वाचून दाखवलं. आजकाल बारीक अक्षर मले लागत नाही. तंतूच निघाले, चूक माझी. दीड फेरा सोडला अन् जीप घोड्यासारखी पळाली! रुखमाबाईले बाजूले बसवून मेहकरच्या रस्त्यानं नेली. वाटेत पुंजाजीची बैलगाडी एकदम मधात आली, चाक घासलं. पुंजाजी सांगत फिरते की गाडी बाभळीखाली सोडलेली होती, बैलं सुद्धा जुंपले नव्हते. लोकांले माझी जीप खुपते, दुसरं काय! रुखमाबाईनं घरी आल्यावर देवापुढं दिवा लावला.

नवल पुढंच आहे. दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी पाय उचलला की जीप मेलेली. चाचपून पाहतो तर स्क्रू पूर्ण आत. मी दीड फेरा सोडतो, दुसऱ्या सकाळी पुन्हा आत! चार दिवस झाले. हा माणसाचा हात आहे अन् तो कचरूचाच. अशा गाडीच्या भरवशावर विमलले कशी आणू? पाच तारखेच्या रविवारी त्याले चावडीवर उभा करतो. चार माणसांत कबूल करवतो, मंग जाऊ दे गाव सोडून.

तुझा, शेषराव


जळगाव जामोद, ता. ३१-१२-६३

ती. भाऊजींस नमस्कार. आम्ही सगळे खुशाल.

घाई करू नका. कचरू गाडी चालवतो, पण इंजिनाचं झाकण उघडलं की चार पावलं मागं सरतो, हे मी पाहिलं आहे. वाचता त्याला येत नाही. त्या स्क्रूची गोष्ट मी फक्त पत्रात लिहिली. तेव्हा ते पत्र कोणाच्या कानी गेलं, ते आधी आठवा. गरिबाची अब्रू म्हणजे काही टायर नव्हे, की पंप मारला आणि पुन्हा भरली.

संक्रांतीला तीळ पाठवतो. ताईला सांगा, काळजी करू नको.

आपला, उत्तम


जानेफळ, ता. ९-१-६४

चि. उत्तमरावास आशीर्वाद.

अक्षर पाहून ओळखलं असशील. मी सांगतो, तुझी बहीण लिहिते. एकही शब्द गाळायचा नाही, अशी देवाची आण घातली आहे.

तुझं पत्र शनिवारी आलं. वाचता वाचता ही ‘कोणाच्या कानी’ इथं अडली, उठून पाणी प्याली, अन् एकदम तिळाच्या ओळीवर गेली. रविवारी जेवायले बसलो, भाकरी हाती घेतली, तर तिले पेट्रोलचा वास! उत्तम, डोळे गेले असतील, पण नाक शाबूत आहे.

मंग बसल्या जागी सगळं उमगलं. बाभळीखाली गाडी उभीच होती, मलेच दिसली नाही. अन् मी विमलच्या मांडीवर लेकरू देऊन त्यांले पैनगंगेच्या उतारावरून आणणार होतो! तीस वर्षं ज्या हाताची भाकरी खाल्ली, तो हात उगाच स्क्रू आवळणार नाही. ती भाकरी पूर्ण खाल्ली.

चावडीवर माणसं जमलीच होती. त्यांच्यापुढं कचरूच्या हातात किल्ली दिली, चुकलो म्हणालो. पुंजाजीलेही सांगितलं, की तुझी गाडी उभीच होती. कचरू म्हणे, मालक, मी तर बोचकं बांधून आलो होतो.

टाकाची कुरकुर थांबली. डोळे पुसत असेल; मले दिसत नाही.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी कचरू जीप नेते, मी बाजूले बसतो. नंतर डोळे दाखवायले बुलढाण्याले. स्क्रू दीड फेऱ्यावर आहे, चार दिवसांत हलला नाही.

तुझा, शेषराव

ता. क. उत्तम, सांगितलं तेवढं सगळं लिहिलं. यांनी सांगितलं नाही ते मी लिहिते: रविवारपासून रोज भाकरी हाती घेतली की पहिले वास घेतात, अन् मंग एकटेच हसतात. उत्तर लवकर लिही. या खेपेला एकही ओळ गाळून वाचणार नाही.

तुझी ताई, रुखमा