काठाजवळचं पाणी

प्रिय बेडकीबाई,

पंचविशी उलटली तरी आई हे नाव सोडत नाही म्हणून रागावशील. रागाव. गळ्यातल्या ओळखपत्रावर तुझं भलंमोठं नाव छापलंय, ते वाचताना मला परक्याच कुणा मुलीला भेटल्यासारखं होतं.

बाबा आत शर्टाला इस्त्री करताहेत. उद्याच्या तुझ्या शर्यतीसाठी हाच शर्ट, असं त्यांचं आठवडाभर चाललंय. पोहणार लेक आणि नटणार बाप, असं मी चिडवलं, तर म्हणाले की कॅमेरा काठावरही फिरतो. या शर्यतीनंतर होणाऱ्या खांद्याच्या शस्त्रक्रियेपुढे तू पुन्हा एवढ्या लांब पल्ल्याचं पोहू शकणार नाहीस, हे डॉक्टरांनी सांगितल्यापासून ते असे सारखे काहीतरी करत असतात. माझं तसं नाही. मी गप्प बसते आणि मग आमटी लागते.

या स्पर्धेच्या आयोजनातलं माझं काम घरात कुणाला धड कळलंच नाही. मी कचऱ्याचे डबे मोजते असं बाबांना वाटतं, आणि तेही मी करतेच. पण खरं काम वेगळं. एवढ्या देशांचे खेळाडू येऊन जातील, त्यांच्यासाठी उभारलेलं मागाहून गावाच्या गळ्यात पडू नये, हे बघायचं. म्हणून खुर्च्या भाड्याच्या आणल्या, पेले धुऊन पुन्हा वापरायचे ठरवले, आणि पोहण्यासाठी नवं काही न बांधता गावातलंच तळं साफ केलं. हा शेवटचा हट्ट माझा. दूरची पर्यायी जागासुद्धा राखून ठेवू नका, सगळा लवाजमा तिकडे हलवायचा म्हणजे केलेल्या बचतीवर पाणी, असं बैठकीत भांडून मीच मान्य करून घेतलं. तळं खरोखर निवळलं. सरावाच्या पहिल्या दिवशी तू बाहेर येऊन म्हणालीस, "आई, मला माझे पाय दिसत होते." एवढं कौतुक माझं कुठल्या समितीनं केलं नाही.

तुझी निवड झाली तेव्हा पाण्याच्या निर्णयातून मला वगळा, असं मी साहेबांना सांगून पाहिलं होतं. ते हसले. पोटची पोर पोहणार म्हटल्यावर तुमच्याइतकी काळजी कोण घेणार, म्हणाले.

परवाचा अवेळी पाऊस तूही पाहिलास. जुनी गटारं भरली की जादा पाणी तळ्याच्या काठाशी सुटतं. ती वाट बंद करायचं काम पालिकेनं आज करू, उद्या करू म्हणत तसंच ठेवलं. काल आमचा बाटलीवाला, म्हणजे प्रयोगशाळेतला सहकारी, तुम्ही जिथून उड्या मारता तिथे कमरेएवढ्या पाण्यात उतरून नमुने घेऊन आला. जंतू वाढून दिसायला एक रात्र द्यावी लागते. आज दुपारी ते दिसले, आणि नियमात बसण्याची सोयच उरली नाही.

साहेब म्हणाले, आता नवा नमुना मध्यावरून घ्या, सकाळपर्यंत निकाल येईल, शर्यत तर मध्यातूनच जाते. खोटं कशाला सांगू, मला ते पटावंसं वाटलं. मध्यावरचं पाणी खरंच चांगलं निघालं असतं. मीच बाटलीवाल्याला नावेत बसवलं. तो बाटल्या मांडत राहिला. नाव निघाली आणि मला तू आठ वर्षांची दिसलीस. गर्दीत उडी मारलीस की आधी दोन घोट गिळायचे आणि मग हसायचं, ही तुझी खोड अजून गेलेली नाही. ती गर्दी काठालाच होते. आणि दुसऱ्या कुणाची लेक असती तर मी नाव हलूच दिली नसती. काठावरून हाका मारून मी त्याला परत बोलावलं. साहेब माझ्याशी आता बोलत नाहीत.

शर्यत रद्द करा, असं लिहून खाली सही मी केली आहे. पर्यायी जागा नाही, तीही माझ्यामुळेच नाही. तुमच्या संघाच्या डॉक्टरीणबाई सकाळच्या सभेत सगळ्यांना सांगून झाल्यावर हे पत्र तुझ्या हातात देतील, त्याआधी नाही. इतर मुलींच्या आया या कामात नाहीत. त्या मुलींना जे उद्या कळणार, ते तुला आज कळणं बरं नव्हतं. बाबांनाही सांगितलेलं नाही, कॉलरवर त्यांचा हात अजून फिरतोय. पण मघाशी फोनवर तू विचारलंस, "आई, पाणी कसं आहे?" आणि मी म्हणाले, "थंड आहे." तेव्हा सही करून झाली होती. मागाहून तुला ते आठवेल, म्हणून हे लिहिलं. समजूत काढायला फोन करणार नाही. तू घरी ये. राग घेऊनच ये.

तुझीच,
आई