कुंपणापलीकडे दिलेला शब्द

न्यू जर्सी, १९ जुलै २००३

ती. आक्काच्या पायांशी श्रीपतीचा नमस्कार.

मी बरा आहे. गंधार आणि सूनबाई जपतात. केळशीत भाताच्या लावण्या आटपल्या का? तुझा गुडघा कसा आहे?

शेजारच्या अमेरिकन म्हाताऱ्यांचा मुलगा इराकच्या लढाईत आहे. गेल्या महिन्यात कुंपणाशी त्यांनी विचारलं, "तुमचं सैन्य येणार ना मदतीला?" पाहुण्याने तोंडावर नाही कसं म्हणावं? मी म्हणालो, "येणार, नक्की येणार." त्यांनी माझा हात घट्ट धरला.

आक्का, तीस वर्षं रत्नागिरीच्या शाळेत मी रस्सीखेच लावून देशाचं अलिप्ततेचं धोरण शिकवलं. दोन गट ओढायचे, बाकीची मुलं मी रचलेल्या ओळी म्हणायची, "ना ह्या तटात, ना त्या तटात, आपली होडी आपल्या हातात." तू हसायचीस, "मास्तर कवी झाले."

सोमवारी दिल्लीने सैन्य पाठवायला नकार कळवला. देशाने माझाच धडा पाळला आणि मी मात्र म्हाताऱ्यांना चुकवत मागच्या दाराने फिरायला जातो.

काल गंधार म्हणाला, "बाबा, तुम्ही दिसला नाहीत म्हणून शेजारच्या आजोबांनी सूप पाठवलंय."

आज भांडं परत देऊन खरं सांगणार आहे. ते समोर अंगणातच बसलेत. म्हणून पत्र इथेच थांबवतो, नाहीतर लिहीतच बसेन.

तुझा धाकटा,
श्रीपती