शून्यापासून मोज

३ मार्च, सोमवार
लागले एकदाची कामाला! ताईनेच चिकटवलं, खुर्चीसुद्धा तिच्या शेजारचीच. वेबसाइट बनवणारं इवलंसं ऑफिस. सर, ताई, चित्रं-रंग बघणारा चष्मिष आणि चौथी मी. सरांनी लगेच आमच्याच साइटवरचं ‘आमची माणसं’ हे पान हाती दिलं. त्यावर प्रत्येकाची माहिती, एकेका ओळीत. अक्षरांच्या अशा माळेला स्ट्रिंग म्हणतात; ती कापायची, जोडायची कशी ते शिकायचं. सरावाला वेगळी प्रत नाही का, विचारलं, तर म्हणे इथे नवीन माणूस चालू पानावरच हात बसवतो. ताईने बजावलं, मशीन शून्यापासून मोजतं. पहिलं अक्षर म्हणजे शून्य. मी म्हटलं, शून्याची आणि माझी गणिताच्या पेपरापासून ओळख आहे. ताई इतकी हसली की केस मागे गेले. तिच्या डाव्या कानाला पाळीच नाही! दारात अडकून तुटली म्हणाली. घरी कुणाला बोलली नव्हती.

४ मार्च, मंगळवार
चष्मिषच्या ओळीआधी एक मोकळी जागा होती, ती काढायची होती. दुसऱ्या अक्षरापासून पुढचं ठेवायचं, म्हणून मी दोन लिहिलं. मशीनच्या लेखी ते तिसरं. ओळीचं पहिलं अक्षर उडालं. ताईने कपाळाला हात लावला आणि अक्षर परत जोडून दिलं.

जेवणानंतर कागद कापायच्या यंत्रात चष्मिषचा अंगठा गेला. तो किंचाळत होता आणि अंगठा टेबलावर पडला होता, नख वर करून. मीच तो रुमालात गुंडाळला. डॉक्टर म्हणाले, जोडता येणार नाही.

५ मार्च, बुधवार
चष्मिष आता कामाचा नाही, त्याची ओळ रिकामी कर, असं सर म्हणाले. मी केली. देवा, मी केली.

तो पिशवी न्यायला आला होता. लिफ्टने त्याला मजल्याच्या कडेवर चिरडून दोन तुकडे केले. रक्त आमच्या दारापर्यंत आलं. सरांनी त्याची रिकामी ओळ पानावरून काढली, मग चहा घेतला. ताईचा कान मागच्या नवीन मुलीने असंच तिच्या ओळीतलं अक्षर उडवून घालवला, हेही सांगितलं, अगदी सहज. त्या मुलीचं काय झालं, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

६ मार्च, गुरुवार
सरांचा हुकूम, उद्या दुपारपर्यंत ताईची ओळ अर्धी करायची. नाहीतर सर स्वतः करणार.

पाचावर धारण बसली आहे. पळून उपयोग नाही, ओळी त्यांच्याच हातात. ताई म्हणते, तू तरी जा. मी नाही जाणार. मला सायकल तिने शिकवली, अक्षरं तिने गिरवून घेतली.

७ मार्च, शुक्रवार सकाळ
ठरलं. मीच सरांना संपवणार.

पानाचे ओळीगणिक तुकडे पाडायचे. पहिली ओळ सरांची, मग ताईची, मग माझी. पहिली रिकामी करायची. सर दारात फोनवर बोलताहेत. ताई शेजारी, तिला काही सांगितलं नाही. कितवी ओळ— पहिली— एक लिहिलं. दाबलं.

शुक्रवार, थोड्या वेळाने
सर ठणठणीत.

ताई— वरून पंखा सुटला— पातं मानेत— तिचं डोकं माझ्या पायाशी—

शून्यापासून मोज म्हणाली होती ती. मी तिलाच—

सरांनी ताईची ओळ काढली. पानावर आता दोनच. शून्यावर ते, एकावर मी. दाराला कुलूप आहे. मला उठवून ते माझ्या खुर्चीत बसलेत. ते मोजायला कधीच चुकत ना—